दुधाची वाट

उंदराच्या पिल्लानं दूध प्यायलं की नाही, हे कुणाला विचारावं लागत नाही. जन्मल्यावर त्याची कातडी इतकी पातळ असते, की पोटातलं दूध बाहेरून पांढरा ठिपका होऊन दिसतं. तो ठिपका दिसायच्या आत पिल्लू उचलायचं. सख्ख्या आईच्या पोटाशी जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्या वाणाच्या, दुसऱ्या पिंजऱ्यातल्या, नुकत्याच व्यालेल्या मादीच्या कुशीत ठेवायचं आणि तिनं त्याला आपलं म्हणावं म्हणून वाट बघायची. मग महिनोन् महिने थांबायचं. पिल्लू वाढतं, मादी असेल तर तिला पिल्लं होतात, ती म्हातारी होते. आणि जिच्या आईला, आजीला, मावश्यांना स्तनात गाठ आली होती, तिला बहुतेक वेळा येत नाही.

अमेरिकेत बार हार्बरला जॉन बिटनर यांनी हे १९३६ साली छापलं. गाठ रक्तातूनच वारशानं येते असं धरून चाललेल्या जगाला त्यांनी सांगितलं, की निदान उंदरांत तरी तिचं मूळ आईच्या दुधात आहे. पुढे त्या दुधात विषाणू सापडला. पण नुसता विषाणू पुरत नव्हता. जात तशी लागत होती, मादीच्या अंगातली संप्रेरकं तशी लागत होती, आणि मग तो पहिला घोट.

कमलबाई रणदिवे, तुमच्या कामाचा मोठा भाग त्या घोटाच्या मागे गेला. तुम्हाला जाऊन दोन तपं झाली, आणि मी हे नागापुरातून लिहिते आहे. मनमाड रस्त्यावर, सीनेच्या काठी, एमआयडीसीच्या भोंग्यावर पाळ्या बदलणारं हे गाव. पूर्वी नगरच्या बाहेर होतं, आता महापालिकेच्या पोटात आहे. कर्करोगाच्या प्रयोगशाळेशी आमचा काही संबंध नाही. तुमच्यावर लिहायला मला निमित्त दोनच. उतारवयातलं तुमचं काम आमच्याच जिल्ह्यात, पश्चिमेच्या डोंगरात, अकोले तालुक्यात झालं. आणि आमचा जिल्हा दुधाचा आहे. पहाटे रस्त्यावर पहिली गाडी दुधाची असते. सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा माणसं फॅट किती लागली हे विचारतात. दूध म्हणजे आमचं उत्पन्न, पोरांची फी, सणाची खीर आणि आईची शपथ. त्या दुधातून मरण येऊ शकतं हे शास्त्रानं सांगितलं, तेव्हा ते ऐकून घ्यायला आणि तपासायला आपल्याकडे कुणीतरी बाईमाणूस उभं होतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

तुमचा जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७चा. माहेरच्या तुम्ही कमल समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा, पदवी फर्ग्युसनची. मुलीनं डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. तुम्ही लग्न केलंत गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी, १९३९ साली, आणि शिकायला गेलात पुण्याच्या शेतकी कॉलेजात. १९४३च्या एमएस्सीचा तुमचा विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातली गुणसूत्रं. हा तपशील मला सगळ्यात आवडतो. बांधावर, खडकात, कुणी न लावता उगवणारं ते झाड, आणि कुणीतरी त्याच्या पेशीत डोकावून आत काय कसं रचलंय ते बघतंय. तेव्हा तुम्हाला कर्करोगाचं काही देणंघेणं नव्हतं. पण पेशी दुभागताना बघायची नजर तिथेच तयार झाली असणार.

लग्नानंतर तुम्ही मुंबईला आलात. परळचं टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ला सुरू झालं होतं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, त्या दुःखातून उभं राहिलेलं. तिथे विकृतिशास्त्राचे डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. खानोलकरांची नजर फार वेगळी. १९४५ साली त्यांनी चालीरीतींशी जोडलेल्या तीन नव्या प्रकारच्या कर्करोगांवर लिहिलं, त्यात एक होता धोतराचा. वर्षानुवर्षं कमरेला घट्ट कसलेल्या वस्त्राच्या काठाखाली, घाम आणि घर्षणानं, कातडीवर आलेला. आजार कुठल्या बाहेरच्या राक्षसानं टाकलेला नसून रोजच्या राहणीतूनही उगवतो, हे बघायला शिकवणारा गुरू तुम्हाला मिळाला. त्यांच्या हाताखाली मुंबई विद्यापीठातून १९४९ साली तुम्ही पीएचडी झालात.

मग बाल्टिमोर. जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा. शरीराबाहेर काचेच्या नळीत माणसाची पेशी जगवायची, हा त्या माणसाचा ध्यास. कोंबडीच्या रक्तातला द्रव, वासराच्या गर्भाचा अर्क, बाळंतपणानंतर वारेतून काढलेलं रक्त, असं काय काय मिसळून ते पेशींचं अन्न तयार करत. त्यासाठी कत्तलखान्यात जात, प्रसूतिगृहाच्या दारात थांबत. आणि पेशी मरत. पुन्हा नव्या घालत, पुन्हा मरत. १९५१ साली तिथेच हेनरिएटा लॅक्स नावाच्या काळ्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतला एक तुकडा आला आणि त्या पेशी मरेचनात. तंबाखूच्या शेतात वाढलेली, पाच लेकरांची ती आई त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली. तिच्या पेशी अजून जगात सगळीकडे वाढताहेत. तिला कुणी विचारलं नव्हतं. या विद्येच्या मुळाशी हे एक न फिटलेलं ऋण आहे, आणि तुमच्यावर लिहिताना ते गाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही.

ही विद्या घेऊन तुम्ही परत आलात. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या, असं विरजण आमच्या आयाआज्या मोडू देत नसत. पेशींची वंशावळ सांभाळणं तसंच. दर थोड्या दिवसांनी जुन्या नळीतल्या थोड्या नव्या अन्नात घालायच्या. एक सुट्टी चुकली, एक बुरशीचा कण पडला, की संपलं. तुमच्या काळात ते अन्न बाटलीबंद विकत मिळत नव्हतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तुम्ही जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची माणसं जमवून ते इथेच तयार करायला घेतलंत. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी राहिली. प्रायोगिक जीवशास्त्राची उभी राहिली. पुढे कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्राचे विभाग निघाले. १९६६ ते १९७० तुम्ही त्या केंद्राच्या हंगामी संचालक होता. तुमचं नाव दोनशेहून जास्त शोधनिबंधांवर आहे. हे सगळं लिहून झालं तरी त्यात तुम्ही दिसत नाही. तुम्ही दिसता उंदरांच्या खोलीत.

एकसारख्या उंदरांचा वाण तयार करायचा तर भावाबहिणीचं जुळवायचं, त्यांच्या पिल्लांतल्या भावाबहिणीचं पुन्हा, असं वीस पिढ्या. पाच-सहा वर्षं जातात. तेव्हा कुठे सगळे उंदीर आतून एक होतात, एकाची कातडी दुसऱ्याला लावली तर अंग ती परकी म्हणत नाही. हा खटाटोप कशासाठी, ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोक एका उंदराची गाठ दुसऱ्याला लावत, ती वितळून जाई, आणि कर्करोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती सापडली म्हणून आनंद होई. तो आनंद फुकट होता. अंगानं गाठीला नाकारलं नव्हतं, परक्या उंदराला नाकारलं होतं. आपलं कुठलं आणि परकं कुठलं हा शरीराचा जुना हिशेब आधी बाजूला काढल्याशिवाय गाठीबद्दल काहीच कळणार नव्हतं. १९५७ साली प्रेन आणि मेन यांनी अशा एकवाणी उंदरांवर रसायनानं गाठ आणली, काढली, तीच पुन्हा लावली. या खेपेला अंगानं ती नाकारली. पण ज्या उंदराच्या अंगातून ती गाठ आली होती, त्याची साधी कातडी मात्र स्वीकारली. म्हणजे आपल्याच घरात वाढलेलं, आपल्याच रक्ताचं काहीतरी बिघडलंय, हे शरीराला ओळखता येतं. गाठीच्या प्रतिकारशास्त्राची खरी सुरुवात मी तिथून मानते.

परळला त्या केंद्राच्याच, म्हणजे आयसीआरसी या, नावाचा उंदरांचा एक वाण तयार झाला. त्यातल्या माद्यांना स्तनाच्या गाठी मोठ्या प्रमाणात यायच्या. संस्थेचं नाव, कोरलेली पाटी वगैरे सगळं ठीक, पण ज्यांना ते नाव मिळालं ते वर्ष-दोन वर्षांच्या आयुष्याचे पांढरे जीव होते. हे मुक्तचिंतन त्यांच्यासाठीही आहे. पिल्लांना पाजताना गाठ घेऊन बसलेल्या त्या माद्यांच्या अंगावरून तुम्ही संप्रेरकं, वाण आणि विषाणू यांचा गुंता सोडवत होता. तुमच्या कामाचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर, एकट्यावर दोष टाकता येत नाही. कुणाला गाठ लवकर धरते हे वाणावर आहे, कधी धरते हे संप्रेरकांवर, आणि ठिणगी विषाणूची. तिघं एकत्र आल्याशिवाय घर पेटत नाही.

हे वाक्य आमच्या गावापर्यंत पोहोचलं असतं तर.

आमच्याकडे कॅन्सर हा शब्द घरात मोठ्यानं काढत नाहीत. गाठ झालीय म्हणतात, मोठा आजार म्हणतात. टाटाला नेलंय म्हटलं की ऐकणारा गप्प होतो. माझ्या मावशीनं छातीतली गाठ सगळ्यांपासून लपवली. दूध साचून राहिलं असेल, असं तिला वाटलं. दूध साचलं की गाठ होते, हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. कळल्यावर भावकीतल्या बायका एकेक करून भेटायला आल्या. धाकट्याला अंगावर नीट पाजलं नव्हतंस ना? कुणाच्या पोटावर पाय दिला का? कुलदेवीचं काही राहिलंय का? मावशी आठवून आठवून उत्तरं देत राहिली. दुखणं एका बाजूला आणि खटला दुसऱ्या. मुंबईला नेलं तेव्हा ती दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली. तिथे साऱ्या महाराष्ट्राच्या बायका. आणि त्या एकमेकींना काय विचारतात? तेच. तू काय केलं होतंस? ती गेली तेव्हाही तिचं काय चुकलं याचा निकाल लागलेला नव्हता.

बाई, तुमच्या प्रयोगशाळेपासून त्या धर्मशाळेपर्यंत टॅक्सीनं किती वेळ लागतो? पंधरा मिनिटं? शास्त्राला एवढं अंतर कापायला पन्नास वर्षं पुरत नाहीत, याचा राग मला तुमच्यावर काढता येत नाही. तो आमच्यावरच आहे.

खरं तर तुमच्या पिढीला वाटत होतं, की उंदरांसारखा माणसाच्या दुधातही विषाणू सापडेल. आशा खोटी नव्हती. पारशी समाज लहान, लग्नं आपापसांत, आणि त्यांच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त. १९७१ साली अमेरिका आणि मुंबईतल्या संशोधकांनी मिळून पारशी बायकांचं दूध इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. त्या संघात टाटातल्या डॉ. सत्यवती सिरसाट होत्या, त्या सूक्ष्मदर्शकाच्या आपल्याकडच्या पहिल्या जाणकारांपैकी एक. उंदरांच्या विषाणूसारखे कण काही नमुन्यांत दिसले. जगभर खळबळ झाली. पुढे वर्षं गेली आणि ते कण म्हणजे माणसाच्या कर्करोगाचं कारण, असं कधी सिद्ध झालं नाही. २००२ साली तर उलटाच हिशेब हाती आला. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची बेरीज करून निघालं, की बाईनं दर बारा महिने अंगावर पाजलं तर तिचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो. उंदराच्या लेकीला जे दूध घातक ठरत होतं, माणसात ते देणारीचं थोडंतरी रक्षण करत होतं. तुम्ही त्याच्या आदल्या वर्षी, २००१ साली गेला होतात.

घराण्यात गाठ चालत येते ही तुमची जुनी अटकळ मात्र खरी ठरली. १९९४ साली बीआरसीए-१ हे जनुक हाती लागलं. पण तीही थोड्याच जणींची गोष्ट. बहुसंख्य बायकांच्या गाठीला असं एकच नाव-गाव-पत्ता नाही.

आणि उंदराच्या दुधातल्या त्या विषाणूचं काय झालं? हा भाग मला रात्री जागवतो. १९९१ साली कळलं, की तो विषाणू शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवून जातच नाही. तो त्यांनाच वापरतो. दुधातून पिल्लाच्या आतड्यात उतरतो, आतड्याच्या भिंतीतल्या बी-पेशींत शिरतो, आणि त्यांच्याकडून असं एक प्रथिन करवून घेतो की आजूबाजूच्या टी-पेशी झुंडीनं चेकाळतात. त्या गडबडीत बी-पेशींची संख्या वाढते, विषाणूही वाढतो, आणि त्या पेशींबरोबर प्रवास करत स्तनग्रंथीपर्यंत जाऊन थांबतो. ज्या उंदरांत त्या जातीच्या टी-पेशीच नाहीत, त्यांच्यात ही वाट बंद पडते. म्हणजे बिटनर यांच्या पिल्लांपासून तुमच्या पिंजऱ्यांपर्यंत सगळे जे कोडं सोडवत होते, त्याच्या पोटात प्रतिकारशक्तीच बसली होती. संरक्षणासाठी धावलेल्यांच्या पायांनीच शत्रू घरात आला. तुम्ही तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या होता. एखाद्या माणसाच्या आयुष्यभराच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या निवृत्तीनंतर दुसऱ्या खंडात सापडावं, याला दुःख म्हणायचं की सुख, मला ठरवता येत नाही.

कुष्ठरोगाचंही तसंच. १९५८ साली बापट, तुम्ही आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वाढवला. गर्भाच्या पाठकण्याजवळच्या चेतापेशींच्या संवर्धनाच्या आधारानं. कुष्ठाचा जंतू शरीराबाहेर वाढवणं तेव्हाही कुणाला जमलं नव्हतं, आजही जमलेलं नाही. तुमचा जंतू अस्सल कुष्ठाचा नव्हता, त्याच्या चुलतकुळातला निघाला. एखाद्यानं बाटली फेकून दिली असती. परळला ती जपली गेली. डॉ. माधव देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जंतूची लस केली. दक्षिण भारतात नव्वदच्या दशकात चार लसींची तुलना झाली, १९९८ला निकाल आला. बीसीजीनं ३४.१ टक्के रक्षण दिलं, तुमच्या जंतूच्या लशीनं ६५.५ टक्के. पकडलेला माणूस गुन्हेगार नव्हता, पण त्याचा चेहरा गुन्हेगाराशी इतका मिळत होता की पहारेकऱ्यांना त्याच्यावरून धडा घेता आला. प्रतिकारशास्त्र मला यामुळे आवडतं. त्यात चुकलेल्यालाही कामाला लावता येतं.

सन्मान सगळे झाले. १९६४चे दोन मोठे पुरस्कार, १९८२चं पद्मभूषण. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली, त्यात तुम्ही पुढे होता. वाशीला त्या संघटनेचं नोकरदार बायकांचं वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. पुरस्कारांपेक्षा ते पाळणाघर मला जास्त तुमचं वाटतं. प्रयोगशाळेतल्या पेशींना सुट्टी नसते आणि घरातल्या तान्ह्यालाही नसते, हे ज्या बाईनं दोन्हीकडून पाहिलंय तिलाच संशोधनाच्या संघटनेत पाळणा असला पाहिजे हे सुचणार.

आणि मग तुम्ही आमच्या जिल्ह्यात आलात.

नगर जिल्हा राज्यात क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा. नागापूरच्या माणसाला अकोले तालुका म्हणजे परमुलूख. इथे अवर्षण, तिथे पावसानं घरं काळी पडतात. कळसूबाई तिथे, भंडारदरा तिथे, धरणाच्या भिंतीवर फोटो काढायला आम्ही जातो आणि भज्यांचा कागद तिथेच टाकून येतो. धरणापलीकडच्या वाड्यांवर महादेव कोळी आणि ठाकर राहतात. राजूरच्या सत्यनिकेतन या संस्थेला धरून तुम्ही तिथल्या आदिवासी मुलांच्या आरोग्याचा अभ्यास केलात. रक्तातली प्रतिकारद्रव्यं, आणि त्याच्याआधी पोषण: मुलांचं वजन, उंची, ताटात काय पडतं. १९८९च्या सुमाराचं हे काम. वय सत्तरीपार. तुमच्याच हातांनी उभ्या केलेल्या प्रयोगशाळेत तुम्हाला खुर्ची मिळाली नसती असं थोडंच आहे. त्याच काळात तिकडच्या गावांतल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवायचंही तुम्ही मनावर घेतलंत.

लोक याला निवृत्तीनंतरची समाजसेवा म्हणतात. मला ते पटत नाही. ते तुमच्या संशोधनाचं पुढचं प्रकरण होतं. अपुऱ्या अन्नावर वाढलेल्या मुलाच्या टी-पेशी कमी पडतात. गोवर, जुलाब, खोकला, ज्यातून दुसरं मूल उठून खेळायला लागतं त्यात हे मूल जातं. जंतू तोच. वाणही फारसा वेगळा नसतो. फरक ताटाचा. उंदरांच्या खोलीत ज्या बाईनं तीन कारणं सुटी सुटी मोजली, ती चौथं कारण मोजायला डोंगर चढून गेली. भूक. हे कारण कुठल्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, आणि त्यावर संशोधनाचं अनुदानही कमीच मिळतं.

त्या वाड्यांवरच्या आयांनाही कुणीतरी विचारत असणारच, तुझंच पोर का दगावलं म्हणून.

तुमच्या मागे काय काय झालं ते सांगते. तुमचं परळचं केंद्र २००२ साली खारघरला गेलं, आता त्याला ॲक्ट्रेक म्हणतात. तिथे, टाटा आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी मिळून, रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून त्यांना रक्ताच्या कर्करोगाची ओळख शिकवून पुन्हा त्याच्या अंगात सोडायचं तंत्र तयार केलं. ऑक्टोबर २०२३ला त्याला सरकारी मंजुरी मिळाली. परदेशात कोटींत जाणारा उपचार इथे काही लाखांत आला. लाखसुद्धा आमच्या एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला नाहीच परवडत, पण हिशेब खाली येतोय. बाहेर काढलेली माणसाची पेशी जगवायची, वाढवायची, मरू द्यायची नाही, हे तुम्ही बाल्टिमोरहून आणलेलं कसब त्यातही आहे. त्या बातम्यांत तुमचं नाव मी शोधलं. नव्हतं. असायला हवं होतं असंही नाही, तरी शोधलं.

तुमच्या जन्मदिवशी, ८ नोव्हेंबर २०२१ला, गुगलनं तुमचं चित्र लावलं. सूक्ष्मदर्शकाशी तुम्ही. एक दिवस ते साऱ्या देशाच्या मोबाइलवर होतं, म्हणजे नागापुरातल्या पोरींच्याही. दुसऱ्या दिवशी गेलं. त्याच वर्षी टाटा हॉस्पिटलच्या एका अभ्यासाचा निकाल छापून आला, त्याचं मात्र चित्र कुणी काढलं नाही. मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखाहून जास्त बायका, १९९८पासून वीस वर्षं. निम्म्या वस्त्यांत, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी येत आणि बायकांची छाती हातानं तपासत. यंत्र नाही, वीज नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या तपासणीनं स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयाच्या बायकांत तसा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी सरळ लिहिलं आहे. तुम्ही असता तर आधी ते खालचं वाक्य वाचलं असतं, असं मला वाटतं.

आता आमच्याकडे आशाताई घरोघर येतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीचा फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, घरात कुणाला साखर आहे का, आणि पुढे: छातीत गाठ आहे का. सासू ओट्यावर बसलेली असते, दीर अंगणात गाडी पुसत असतो. बाई पदर सावरते आणि नाही म्हणते. आमच्या आळीतल्या आशाताई हुशार आहेत, त्या त्याच वेळी खूण करत नाहीत. पाणी मागतात. स्वयंपाकघरात जातात, पाणी पितात, आणि तिथे पुन्हा विचारतात. कधीपासून, दुखतं का, एवढंच. काय केलं होतंस हा प्रश्न त्यांच्या कागदावर नाही. कुणी हो म्हटलं तर आधी सिव्हिलला चिठ्ठी, तिथून गरज पडली तर टाटाला.